आईचं चार महिने तोंड आलंय, आता पाठीवर फोड. बायॉप्सीत काहीच निघालं नाही, पुन्हा करायची का?

अक्कलकोट_रोड विचारतात:

नमस्कार. मी सोलापूरचा, अक्कलकोट रोडला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दवाखान्यातलं फार कळत नाही, काही चुकीचं लिहिलं तर सांभाळून घ्या.

आई ४९ वर्षांची. शुगर नाही, बीपी नाही, आजवर सर्दीपलीकडे दवाखाना माहीत नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास तिचं तोंड आलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी बी-कॉम्प्लेक्स आणि लावायचं जेल दिलं. महिना गेला, फरक नाही. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले घाण साठली आहे, साफ करू. साफ केल्यावर तीन दिवस तिला बोलता येईना. शेंगाचटणी बंद, भाकरी बंद, चहासुद्धा गार करून पिते. दुधात ज्वारीच्या कण्या शिजवून त्यावर दिवस काढतेय. वजन ५८ होतं, आता ५१.

आषाढात पाठीवर फोड आले, ब्लाउजची कड घासते तिथे पहिल्यांदा. पाण्याने भरलेले, मऊ. झोपेत कूस बदलली की फुटतात आणि खाली लालभडक ओलं राहतं, साडी चिकटते. डोक्यातही खपल्या आहेत, कंगवा लावू देत नाही. खाज म्हणाल तर नाही, आग होते.

आत्या म्हणाली नागीण आहे. एकाकडे नेऊन काव लावून आणली. त्या माणसाने सांगितलं की नागिणीचं तोंड आणि शेपटी जुळली की माणूस वाचत नाही. तेव्हापासून आई रात्री मला उठवून पाठ बघायला लावते, किती अंतर राहिलं म्हणून.

शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चिठ्ठीवर दोन तपासण्या लिहिल्या, बायॉप्सी आणि डी.आय.एफ. (डायरेक्ट इम्युनोफ्लुओरेसन्स, हीही कातडीच्या तुकड्याचीच तपासणी). तुकडा काढायला दुसऱ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे पाठीवरच्या सगळ्यात मोठ्या जखमेच्या मधला तुकडा काढला, एका बाटलीत टाकला आणि मी तो घेऊन लॅबला गेलो. आठ दिवसांनी रिपोर्ट आला: वरचा थर नमुन्यात नाही, जखमेचा तळ आहे, सूज आहे, नक्की सांगता येत नाही. आणि डी.आय.एफ.समोर लिहिलंय, नमुना फॉर्मॅलिनमध्ये आल्याने तपासणी शक्य नाही.

डॉक्टर म्हणतात परत करू. आई म्हणते मला आता कापायचं नाही. आत्या म्हणते रिपोर्ट निल आला म्हणजे काही नाही. रक्ताच्या तपासणीवर भागणार नाही का? आणि चार दिवस झाले स्टेरॉइडच्या गोळ्या चालू केल्यात, त्यामुळे आता तपासणी बिघडेल का? कुणाच्या घरी असं झालंय का?

---

सिन्नरच्या_बाई लिहितात:

दादा, आधी आत्याबाईंचं बघू. रिपोर्टात काही निघालं नाही म्हणजे आईला काही नाही, असं होत नाही. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. कोरा पेपर हातात आला की शून्य द्यायच्या आधी बघावं लागतं, प्रश्नपत्रिका त्या पोरापर्यंत पोचली तरी होती का. ज्या तुकड्यात कातडीचा वरचा थरच नाही, त्यात वरच्या थराचा आजार कुठून दिसणार?

मला पेम्फिगस व्हल्गॅरिस आहे, म्हणजे तोंडात आणि कातडीवर फोड येण्याचा आजार. निदान २०१३ साली झालं, तेव्हा मी ४६ वर्षांची. तुमच्या आईंना तेच असेल असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर सांगतील. पण तुमचं वाचताना मी दोनदा चष्मा पुसला, कारण आधी तोंड, मग डोकं, मग पाठ, हा क्रमसुद्धा तोच आहे.

माझं तोंड साडेपाच महिने आलेलं होतं. पोरांना पाढे म्हणून दाखवताना ओठ फुटायचे. मग मी एका मोठ्या मुलीला पुढे उभी करून तिच्याकडून म्हणवून घ्यायचे आणि आपण फळ्यावर लिहायचे. एका डॉक्टरांनी पित्त सांगितलं, एकांनी जंताच्या गोळ्या दिल्या, एकांनी बुरशीचं औषध दिलं. दातांच्या डॉक्टरांनी टूथपेस्ट बदलायला सांगितली. डोक्यातल्या खपल्यांना मी कोंडा समजून लिंबू लावलं होतं. ते आठवलं तरी अजून डोळ्यांत पाणी येतं. चौघांपैकी एकानेही तोंड आणि डोकं एकत्र बघितलं नाही. मीही सांगितलं नाही, हेही खरं. दातांच्या डॉक्टरांना केसातला कोंडा कोण सांगतं?

पाठीवर फोड आल्यावर पुण्याला बहिणीकडे गेले आणि एका सरकारी कॉलेजच्या स्किन ओपीडीत नंबर लावला. तिथे एक शिकाऊ डॉक्टर मुलगी होती, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. पाठ बघायच्या आधी तिने विचारलं, ‘तोंड कधीपासून आलंय?’ मी तोवर तोंडाविषयी चकार शब्द काढला नव्हता.

मग तिने फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर अंगठा टेकवला आणि जरा दाबून बाजूला ढकलला. दुधावरची साय बोटाने सरकते ना, तशी कातडी सरकली. याला निकोल्स्की म्हणतात. हा कोण बाबा म्हणून मी विचारलं, तर म्हणाली रशियन डॉक्टर, १८९६ साली त्याने हे लिहून ठेवलं. एवढं जुनं आणि बिनपैशाचं, आणि साडेपाच महिन्यांत माझ्यावर कुणी करून बघितलं नव्हतं. (घरी करून बघू नका. कातडी निघेल आणि आणखी एक जखम होईल.)

नंतर एका फोडाचं टोक कापून तळाशी ब्लेडने हलकं खरवडलं, काचेवर पसरलं, रंग टाकला आणि शेजारच्या खोलीत मायक्रोस्कोपखाली ठेवलं. अर्ध्या तासात झालं. याचं नाव झँक. मी शिक्षिका आहे म्हटल्यावर तिने मलाही दाखवलं. एरवी कातडीच्या पेशी फरशीसारख्या एकीला एक चिकटून असतात. माझ्या सगळ्या सुट्या, गोल, मधोमध मोठा गडद ठिपका. साबुदाणा नीट भिजला की कसा सुटा होतो, अगदी तसं. पण ती म्हणाली, ‘मावशी, याने माझा संशय पक्का झाला, निदान नाही.’

निदानासाठी दोन तुकडे घेतले, दोन वेगळ्या जागांवरून, आणि टाकले दोन वेगळ्या बाटल्यांत. तुमच्याकडे नेमकं हेच झालेलं नाही. पहिल्या तुकड्यासाठी तिने मला परत पाठवलं. उद्या सकाळी नवा लहान फोड दिसला की लगेच या, फुटलेला जुना नको. मी सकाळी सातलाच रिक्षा करून दारात. त्या ताज्या फोडाची कड घेतली, थोडा फोड, थोडी शेजारची कातडी. तो गेला फॉर्मॅलिनमध्ये. दुसरा तुकडा फोडापासून बोटभर अंतरावरच्या धड कातडीचा. तो सलाइनच्या बाटलीत टाकून वॉर्डबॉय पळतच घेऊन गेला. माझी बहीण भांडायलाच निघाली होती, चांगली कातडी कशाला कापता म्हणून.

आईंना सांगा, कापणं वगैरे काही नसतं. पेन्सिलीच्या टोकाएवढं गोल पातं, ४ मिलिमीटरचं. बधिर करायचं इंजेक्शन तेवढं मुंगी चावल्यासारखं चुरचुरतं. एक टाका. बाळंतपणं झालेल्या बाईला हे काहीच नाही.

हे का होतं, ते मला त्या मुलीने ओपीडीच्या कागदामागे चित्र काढून समजावलं, तो कागद अजून आहे. पेशी म्हणजे विटा. विटांमधला चुना म्हणजे डेस्मोग्लेइन नावाची प्रथिनं, त्यातली मुख्य दोन, १ आणि ३. आपल्याच रक्तातल्या प्रतिपिंडांना (अँटीबॉडींना) काय बुद्धी होते कोण जाणे, ती या चुन्यावर हल्ला करतात. तोंडाच्या आतल्या अस्तराची भिस्त जवळपास सगळी ३ नंबरवर. अंगावरच्या कातडीत मात्र १ नंबर भरपूर असतो, तो सांभाळून घेतो. म्हणून सुरुवातीला नुसत्या ३ विरुद्ध प्रतिपिंडं असली की तोंड फाटतं आणि अंग धड दिसतं. पुढे १ विरुद्धही तयार झाली की पाठ, छाती, डोकं. माझे साडेपाच महिने आणि तुमच्या आईंचे चार, ते असे गेले. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर कुणीतरी नीट उजेड पाडून बघितलं पाहिजे. तंबाखू न खाणाऱ्याचीसुद्धा.

आणि ती नागीण. नागीण अंगाच्या एकाच बाजूला येते, पट्ट्यासारखी, एका नसेच्या वाटेने, आणि दोन-तीन आठवड्यांत सुकते. दोन्ही गालांच्या आतून चार महिने मुक्काम करत नाही. तोंड-शेपटीचं तर खऱ्या नागिणीतही खोटंच आहे. आईंना आजच सांगा, रात्री उठून अंतर मोजायचं बंद करा.

पाठ अंथरुणाला चिकटत असेल तर केळीचं कोवळं पान स्वच्छ धुऊन, पुसून खाली घाला. आमच्या वॉर्डात रोज सकाळी केळीच्या पानांचा भारा यायचा. मला वाटलं होतं श्राद्धाचं जेवण आहे.

---

आयुर्मित्र लिहितात:

शरीरातील उष्णता वाढल्याने असे होते. रोज सकाळी सब्जा, रात्री गुलकंद, पंधरा दिवसांत फरक पडेल. बायॉप्सीने आजार पसरतो असे ऐकले आहे. स्टेरॉइड ताबडतोब बंद करा.

---

काचपट्टी लिहितात:

वरच्यांना नंतर. आधी अक्कलकोट_रोड यांना: स्टेरॉइड स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका. चार दिवसांनी डी.आय.एफ. बिघडत नाही. कातडीत बसलेली प्रतिपिंडं इतक्या सहज निघत नाहीत. फॉर्मवर मात्र गोळीचं नाव, डोस आणि किती दिवस घेतली ते लिहायला सांगा.

मी पुण्यात हिस्टोपॅथॉलॉजीत टेक्निशियन आहे, १८ वर्षं. डॉक्टर नाही. माझं काम तुकडा दारात आल्यापासून काच तयार होईपर्यंतचं. तुमच्या रिपोर्टमधलं ते वाक्य, ‘नमुना फॉर्मॅलिनमध्ये आल्याने’, आमच्याकडेही टाइप करावं लागतं आणि दर वेळी चिडचिड होते. कारण त्या वाक्यामागे एक माणूस असतो ज्याला पुन्हा सुई टोचायची असते.

साधी बायॉप्सी आणि डी.आय.एफ. यांत फरक असा. साध्या बायॉप्सीत पेशींची रचना बघायची असते, म्हणून फॉर्मॅलिन लागतं, ते सगळं होतं तसं घट्ट धरून ठेवतं. पेम्फिगस व्हल्गॅरिसमध्ये वरच्या पेशी सुटतात आणि सगळ्यात खालची रांग तळाला चिकटून उभी राहते. पुस्तकात तिला थडग्यांची रांग म्हणतात. डी.आय.एफ.मध्ये रचना बघायची नसते, त्या कातडीत प्रतिपिंडं नेमकी कुठे बसलीत ते बघायचं असतं. फॉर्मॅलिन प्रथिनांना असं जखडून टाकतं की आमचं रसायन त्यांना ओळखू शकत नाही. मग धुऊन काढा, काही करा, गेलेला तुकडा गेलाच.

म्हणून तो सलाइनमध्ये पाठवायचा, साधं सलाइन, शिरेतून लावतात तेच. एक दिवस, फार तर दोन. त्याहून लांब पाठवायचा असेल तर मिशेल्स नावाचं द्रावण मिळतं, त्यात काही दिवस टिकतो. सोलापूरहून तुम्ही स्वतः सकाळच्या गाडीने घेऊन निघालात तर सलाइनमध्ये भागेल. कुरियरने पाठवणार असाल आणि मध्ये रविवार असेल तर मिशेल्सच मागा, ज्या लॅबला पाठवणार तिथून बाटली आधी मागवता येते. मध्ये फ्रीजरमध्ये ठेवू नका, ते काम आमचं.

आमच्याकडे आला की उणे २० अंशांच्या आसपास गोठवून ४-५ मायक्रॉनचे काप काढतो. त्यावर आय.जी.जी., आय.जी.ए., आय.जी.एम. ही प्रतिपिंडं आणि सी.३ हे प्रथिन ओळखणारी चमकणारी रसायनं टाकतो, धुतो, आणि अंधाऱ्या खोलीत बघतो. पेम्फिगस असेल तर प्रत्येक पेशीभोवती हिरवी कड, म्हणजे सगळं मिळून कोळ्यांचं मासे धरायचं जाळं. पेम्फिगॉइड नावाचा फोडांचा दुसरा आजार असेल तर जाळं नाही, वरच्या आणि खालच्या थराच्या सांध्यावर एक सरळ हिरवी रेघ. आणखी एक आहे, डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस, त्यात सांध्याच्या टोकांवर आय.जी.ए.चे दाणे दिसतात. त्या लोकांचं गव्हातल्या ग्लूटेनशी वैर असतं. अठरा वर्षं झाली, पण जाळं दिसलं की मी अजून शेजारच्याला हाक मारतो, इतकं ते देखणं असतं. पेशंटच्या दृष्टीने वाईट बातमी असते हे कळतं, तरी.

डी.आय.एफ.चा तुकडा फोडावरून का नाही? कारण फोडात सूज असते, तिथली प्रतिपिंडं चावून संपलेली असतात. खोटा निल येतो. म्हणून फोडापासून १ सेंटिमीटरच्या आतली, पण न फुटलेली, धड दिसणारी कातडी. तोंडातून घ्यायचा असला तरी जखमेवरून नाही, शेजारच्या शाबूत अस्तरातून.

१९५३ पर्यंत डॉक्टर लोक पेम्फिगस आणि पेम्फिगॉइड एकाच नावाखाली धरायचे. लेव्हर नावाच्या माणसाने काचा बघून सांगितलं की एकात फोड थराच्या आत होतो, दुसऱ्यात थराच्या खाली, हे दोन आजार आहेत. प्रतिपिंडं दिसली ती १९६४ मध्ये, बॉइटनर आणि जॉर्डन यांना. तेव्हापासून पद्धत मूळ तीच आहे. म्हणूनच बाटली चुकली की मला राग येतो. साठ वर्षं झाली आता.

रक्ताचं विचारलंत. हो, एलायझा होते, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं मोजायची तपासणी, डेस्मोग्लेइन १ आणि ३ दोन्हीची. आमच्याकडच्या किटवर २० युनिटच्या वर पॉझिटिव्ह धरतात. पुढे औषध लागू पडतंय का हे बघायलाही तिचा उपयोग होतो, आकडा खाली येतो. काही ठिकाणी लक्षणं आणि एलायझा इतकी स्पष्ट जुळतात की डॉक्टर त्यावरही पुढे जातात. पण सुरुवातीच्या रुग्णात कधी कधी रक्त निल आणि डी.आय.एफ. पॉझिटिव्ह असतं, म्हणून जमत असेल तर दोन्ही. आई खूपच घाबरत असतील तर डॉक्टरांना एक विचारा: डोक्यातले मुळासकट उपटलेले काही केस चालतील का. केसाच्या मुळाशी जी पांढरी सालटी येते, तिच्यावरही तेच जाळं दिसतं. सगळीकडे करत नाहीत, पण करतात.

तुकडा काढणाऱ्यासमोर उभं राहून एवढंच विचारा, ‘डी.आय.एफ.ची बाटली कुठली?’ दोन बाटल्या दिसल्या पाहिजेत आणि दोन्हींवर वेगळं लिहिलेलं पाहिजे. बाटली उघडून वास घ्यायच्या भानगडीत पडू नका, फॉर्मॅलिन डोळ्यांत जातं.

आयुर्मित्र, बायॉप्सीने हा आजार पसरत नाही. आणि ज्याला पाणी गिळताना आग होते त्याला गुलकंद सांगण्याआधी स्वतः एकदा जीभ भाजून घ्या.

---

चिपळूणचा_धाकटा लिहितात:

आमच्या अण्णांना पेम्फिगॉइड झालं, वय ७६. आमचं उलटं होतं म्हणून लिहितो. तोंड स्वच्छ, एक जखम नाही. पण खाज! सहा महिने नुसती खाज आणि गांधीसारखे लाल चट्टे, खरूज समजून घरातल्या सगळ्यांनी औषध लावलं, चादरी उकळल्या. फोड नंतर आले, मांड्यांवर आणि पोटावर, टणक, द्राक्षासारखे. बोट दाबलं तरी फुटत नव्हते. काचपट्टींनी सांगितली ती सरळ रेघ आमच्या रिपोर्टात होती.

डॉक्टरांनी चालू गोळ्यांची पिशवी आणायला सांगितली. शुगरची व्हिल्डाग्लिप्टिन चालू होती, ती बदलली. त्या जातीच्या गोळ्यांचा आणि या आजाराचा संबंध आहे म्हणाले. स्वतः बंद केली नाही, शुगरच्या डॉक्टरांना फोन करून त्यांनीच दुसरी दिली. अण्णा आता बरे आहेत, फक्त कपड्यांना हात लावू देत नाहीत कुणाला, मऊ धोतरच नेसतात.

एक चुकलं आमचं. पहिला तुकडा नडगीवरून घेतला होता आणि निल आला. पायाच्या खालच्या भागात या तपासणीचा असा घोळ होतो म्हणे. दुसऱ्यांदा पोटाजवळून घेतला.

---

अक्कलकोट_रोड लिहितात:

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय, मधे दुकान आणि दवाखाना चालू होतं.

बाईंचं नागिणीचं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली परत वाच. त्या रात्री झोपली.

डॉक्टरांना केसांचं विचारलं, ते हसले, म्हणाले कुणी सांगितलं? त्यांच्याकडे होत नाही, पण त्यांनी यावेळी दुसरीकडे न पाठवता स्वतःच तुकडे काढले. सोमवारी सकाळी दंडाजवळ नवा फोड आला होता, त्याची कड एका बाटलीत. शेजारची धड कातडी दुसरीत. मी दोन बाटल्या हातात धरून विचारलं तर सिस्टरच म्हणाल्या, ही सलाइनची, हिच्यावर मीच लिहिलंय. इंद्रायणीने दुपारी पुण्याला गेलो, बाटली वरच्या खिशात. शेजारचा माणूस विचारत होता अत्तर आहे का.

रिपोर्ट आला. साध्या बायॉप्सीत सगळ्यात खालच्या रांगेच्या वरच फट, सुट्या पेशी. डी.आय.एफ.: पेशींच्या मधे आय.जी.जी. आणि सी.३. रक्तात डेस्मोग्लेइन ३ आणि १ दोन्ही वर. म्हणजे पेम्फिगस व्हल्गॅरिस.

मला वाटलं होतं नाव कळल्यावर भीती वाटेल. उलट आईला बरं वाटलं. आत्याला फोन करून ती स्वतः म्हणाली, ‘माझ्या विटांचा चुना गेलाय.’

रिटुक्सिमॅब नावाचं इंजेक्शन द्यायचं ठरतंय, त्याआधी काविळीची बी आणि टीबीची तपासणी करायला दिलीय. स्टेरॉइडचा डोस वाढवलाय. शुगर दर दोन दिवसांनी बघतो. बाई, तुम्हाला काय दिलं होतं? आणि एक आईने विचारायला सांगितलंय, जेवण कधी सुरू झालं?

---

सिन्नरच्या_बाई लिहितात:

मला तेव्हा पल्स होते. दर २८ दिवसांनी तीन दिवस सलाइनमधून डेक्सामेथासोन आणि त्यातल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फमाइड. दिल्लीच्या एम्सच्या डॉ. पसरिचांनी बसवलेली पद्धत, आपल्याकडे हजारो लोक तिच्यावर उठून उभे राहिले. आता रिटुक्सिमॅब लवकर देतात, ते चांगलंच. तपासण्या पूर्ण होऊ द्या, घाई करू नका. ताप आला, फोडांना वास यायला लागला किंवा पाणीही गिळता येईना, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता न्या.

जेवणाचं: पाठ दीड महिन्यात सुकली, तोंडाला सात महिने लागले. जे आधी गेलं ते शेवटी आलं. आईंना सांगा, पहिल्यांदा मऊ खिचडी तुपासकट, मग वरणभात, मग ताकात भिजवलेली पोळी. तिखट सगळ्यात शेवटी, आणि तेही आधी मुगाच्या वरणात चिमूटभर. शेंगाचटणी मी नवव्या महिन्यात खाल्ली, दह्यात कालवून. तुमची सोलापुरी कडक भाकरी मात्र मी अजून खाल्लेली नाही. तिच्या कडा टोचतात.